परीक्षकाने दाखविलेली उणीव

ज्यूल ब्लॉक हे नाव मराठी भाषेच्या अभ्यासकांस नवे नाही. मराठीच्या जडणघडणीवर त्यांनी पॅरिसमध्ये प्रबंध लिहिला आणि वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. ब्लॉक यांच्या गुरूंपैकी एक आंत्वान मेये. याच मेये यांच्यापुढे १९२८ साली दुसरा एक विद्यार्थी परीक्षेस उभा राहिला. आज त्याची हकीगत आपणांस सांगावयाची आहे.

मिल्मन पॅरी हा कॅलिफोर्नियाचा तरुण, वय पंचविशीचे. विषय होमरची भाषा. तेथील त्या वेळच्या रीतीप्रमाणे त्याने एक सोडून दोन प्रबंध फ्रेंचमध्ये लिहून छापून आणले होते. होमरच्या काव्यात अकिलीस हा ‘चपळ पायांचा’ असतो, मग तो रुसून जागीच का बसलेला असेना! असे का? पॅरीने ओळीन्‌ओळ तपासून दाखविले की, हे विशेषण प्रसंग पाहून येत नाही. वृत्तात किती जागा भरावयाची आहे ते पाहून येते. एका वीरासाठी, एका मापाच्या जागेला, बहुधा एकच विशेषण ठरलेले. एवढा साठा आणि एवढी काटकसर एकट्या कवीच्या बुद्धीची नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई होय.

सिद्धांत पक्का होता. तरी मेये यांनी भर परीक्षेत त्यातील उणीव दाखविली. ही शैली परंपरेची आहे हे पॅरीने ओळखले होते. पण ती लेखणीची नसून मुखाची आहे, हे त्याला पुरते उमगले नव्हते. आणि त्याच दालनात प्रागचे मातिया मुर्को बसलेले होते! युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांच्या वीरगीतांवर ते नुकतीच पॅरिसमध्ये व्याख्याने देऊन चुकले होते. त्या व्याख्यानांची जाहिरात पॅरीने पाहिली होती, पण आपला तिच्याशी काय संबंध, असे त्याला वाटले. हे त्यानेच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

जात्यावर बसलेल्या आपल्याकडील बाईला हे कोणी शिकवावे लागले नसते. ओवीचा आरंभ तिच्या ओठी तयारच असतो. घास घालता घालता पुढचे जुळते.

प्रबंधाची तोंडी परीक्षा आपल्याकडे पुष्कळदा चहाफराळाआधीचा उपचार ठरते. मीही ती तशीच दिली. कोणी उणीव काढली नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा आनंदच झाला होता!

पॅरी मात्र ती उणीव उराशी धरून निघाला. १९३३ साली तो युगोस्लाव्हियात गेला. १९३४-३५ मध्ये विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड याला घेऊन पुन्हा गेला. एकतारी ‘गुस्ले’ वाजवीत गाणाऱ्यांची गीते त्याने ॲल्युमिनियमच्या ३,५०० हून अधिक तबकड्यांवर उतरविली. बिएलो पोल्ये येथे त्याला आवदो मेजेदोविच भेटला. धंदा खाटकाचा, अक्षरशत्रू. त्याने एकच गीत १२,००० हून अधिक ओळींचे सांगितले. ओडिसीची लांबी साधारण एवढीच आहे.

डिसेंबर १९३५ मध्ये बंदुकीच्या गोळीने पॅरीचा मृत्यू झाला. तो अवघा ३३ वर्षांचा होता. तबकड्या हार्वर्डमध्ये राहिल्या, आणि त्यांवरचा ग्रंथ लॉर्ड याने १९६० साली पुरा केला.