लोधीखेड्याचा बोजारा

पणजीत फ्लॅट घेऊन मला अकरा वर्षं झाली. परवा लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "आपण इथे नवीन का?" ते माझ्याच वरच्या मजल्यावर राहतात! आमच्या गावच्या वाड्यावर असं घडलं नसतं. चतुर्थीला घुमट-शामेळ घेऊन घरोघर आरतीला फिरताना कुणाची म्हातारी आजारी, कुणाचा मुलगा बोटीवर गेला, सगळं कळतं.

त्यावरून लोधीखेडा आठवलं. गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवसांत नागपूरला मावसबहिणीकडे गेलो होतो, तेव्हा तिथे जाऊन आलो.

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातलं हे गाव. पूर्वी नागपूर हीच त्यांची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सरकारी कारभार हिंदीत, तो तसाच चालू आहे.

मग इथली मराठी टिकली कुठे? मला वाटतं, ओट्यावर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवते. हा बोजारा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही चाल, असं सांगतात. त्या निमित्ताने पोराला दारं कळतात आणि दारांना पोर कळतं. "कोणाचा रे तू?" हा प्रश्न मी तिथे मराठीतच ऐकला.

नागपुरात बहिणीच्या सोसायटीतही तान्हा पोळा होता. मुलं लिफ्टने खाली मंडपात आली, बैलांना नंबर मिळाले, फोटो झाले. दार मात्र कुणाचं उघडलं नाही.

आम्हा गोवेकरांना मराठीचा विषय निघाला की १९८७ चा राजभाषा कायदा आठवतो. मी सरकारी कारकून, कागदाची किंमत मला ठाऊक आहे. पण जी भाषा शेजारणीकडे विरजण मागायला जात नाही, तिला कुठला कागद वाचवणार? लोधीखेड्याजवळ तसा कागद नव्हता, शेजार होता.

यंदा चतुर्थीच्या नेवऱ्या घेऊन मी वरच्या मजल्यावर जाणार आहे. अकरा वर्षं उशीर झाला, एवढंच.