बागेतील रेल्वे : रुळांआधी विजेचा विचार

घराच्या अंगणात किंवा परसात, उघड्यावर, कायमचे रूळ टाकून त्यांवरून प्रमाणात घडविलेली छोटी गाडी चालविण्याच्या छंदाला ‘गार्डन रेल्वे’ असे नाव रूढ आहे. खोलीत मांडल्या जाणाऱ्या रेल्वेहून हा प्रकार आकाराने मोठा आणि स्वभावाने वेगळा आहे. पुण्यात कोथरूड येथील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या मूळ गाडीच्या १/८७ आकाराच्या असून त्यांचे रूळ एकमेकांपासून अवघ्या १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. इतकी नाजूक गाडी बागेत आणली, तर पोफळीवरून पडलेली एक सुपारीही तिला रुळांवरून उतरविण्यास पुरेशी ठरेल. म्हणून बागेसाठी ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ वापरण्याचा प्रघात पडला.

हे साहित्य बहुतांशी परदेशातून मागवावे लागते. त्यामुळे गोव्यातील हौशी माणसाला एका चुकीची किंमत दोनदा मोजावी लागू शकते. ती चूक म्हणजे रूळ आधी घेणे आणि इंजिनाला वीज कशी पुरवायची हे मागाहून ठरविणे. रुळांचा धातू, जोडांची पद्धत, मार्गाचा आकार, एवढेच नव्हे तर सांधे किती असावेत हेदेखील विजेच्या निवडीवर अवलंबून असते.

पंचेचाळीस मिलिमीटरचे गणित

४५ मिलिमीटर हे अंतर जुने आहे. मार्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लायपझिगच्या व्यापारी जत्रेत खेळण्यातील रेल्वेसाठी क्रमवार, ठरावीक मापांचे रूळ मांडले. त्यांतील पहिल्या क्रमांकाचे माप म्हणजेच आजचे हे ४५ मिलिमीटर. पुढे घरे लहान झाली, गाड्याही लहान झाल्या आणि हे माप मागे पडले. १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने ते पुन्हा उचलले आणि ऊन-पाऊस सोसणाऱ्या गाड्या व भक्कम पितळी रूळ ‘एलजीबी’ या नावाने बाजारात आणले. बागेतील रेल्वेचा आजचा प्रसार मुख्यत्वे या मालिकेमुळे झाला. २००७ मध्ये हे नाव मार्कलिनकडेच गेले.

या मालिकेचे प्रमाण १:२२.५ असे आहे. एक मीटरला साडेबावीसने भागले असता ४४.४ मिलिमीटर येतात. म्हणजे ४५ मिलिमीटरचे रूळ मीटरगेजचे जवळजवळ अचूक प्रतिरूप होत. स्वित्झर्लंडची प्रसिद्ध रेशियन रेल्वे मीटरगेज असल्यामुळे तिच्या गाड्या या प्रमाणात शोभून दिसतात. (गमतीचा भाग असा की, मालिकेतील पहिले इंजिन ‘श्टाइन्त्स’ हे ऑस्ट्रियाच्या ७६० मिलिमीटर मार्गावरचे होते, त्यामुळे त्याचे माप काटेकोरपणे जुळत नाही.)

गोव्याच्या दृष्टीने या गणिताला विशेष अर्थ आहे. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारा आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेला पोर्तुगीजकालीन लोहमार्ग मीटरगेजच होता. १९९० च्या दशकात त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. दूधसागरच्या पुलावरून जाणारी ती जुनी गाडी कोणास अंगणात पुन्हा चालवावीशी वाटली, तर रुळांचे माप तयारच आहे. डबे मात्र हाताने बनविण्याची तयारी हवी, कारण तयार मिळणाऱ्या गाड्या बहुधा युरोप-अमेरिकेच्या असतात. शिवाय मीटरगेजचा नेहमीचा प्रवासी डबा सुमारे साडेएकोणीस मीटर लांबीचा असे. या प्रमाणात तो ८७ सेंटिमीटर होतो. एलजीबीचे सर्वांत आखूड वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचे आहे. त्यावर असा डबा वळणारच नाही. ११७५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण, म्हणजे सुमारे २.३५ मीटर व्यासाचे वर्तुळ, घेतले तरी तो ओढूनताणूनच वळेल. म्हणून पुष्कळ कारागीर डब्याची उंची-रुंदी प्रमाणात ठेवून लांबी थोडी कमी करतात. ही तडजोड डोळ्यांना फारशी खुपत नाही.

माथेरानच्या गाडीचे चाहते वेगळा मार्ग धरू शकतात. तो लोहमार्ग ६१० मिलिमीटरचा, म्हणजे दोन फुटांचा आहे. एका फुटाला १६ मिलिमीटर हे ब्रिटिश हौशी मंडळींचे प्रमाण घेतले, तर त्यासाठी ३२ मिलिमीटरचे रूळ लागतात.

वीज : रुळांतून की इंजिनाच्या पोटातून?

परंपरागत पद्धतीत वीज रुळांतून जाते. घरातील यंत्र २३० व्होल्टचा पुरवठा उतरवून ० ते २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह देते. एक रूळ धन, दुसरा ऋण. व्होल्टेज वाढविले की गाडी वेग घेते, ध्रुव उलटे केले की मागे येते. रचना सुबोध आहे आणि खोलीत ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते.

बागेत अडचणी जोडांपासून सुरू होतात. पितळी रुळांची एक पट्टी साधारणतः ३०० मिलिमीटरची असते. वीस मीटरच्या मार्गावर एका बाजूला साठ-सत्तर जोड येतात आणि प्रत्येक जोड म्हणजे वीज अडण्याची एक संभाव्य जागा. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर लवकरच काळपट थर चढतो. नुसत्या सरकवून बसविलेल्या फिशप्लेटमध्ये ओल शिरते. परिणामी यंत्राजवळ गाडी जोमात धावते आणि बागेच्या टोकाला रेंगाळते. यावर उपाय आहेत : स्क्रूने आवळायच्या पकडी, जोडांत वीजवाहक वंगण, आणि दर चार-पाच मीटरवर मूळ तारेतून रुळांना जोडलेली पोषक तार.

ती मूळ तार जाड असणे महत्त्वाचे. घरातून बागेचे टोक वीस मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तार होते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत तीन अँपिअर प्रवाहाला त्यात सुमारे ०.९ व्होल्टची घट सोसावी लागते, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत तीच घट तीन व्होल्टच्या घरात जाते. गाडीला दिवे लावलेले डबे जोडले असतील, तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आकाराचाही एक पेच आहे. मार्ग पानाच्या देठासारखा जाऊन, गोल वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि थेट शॉर्टसर्किट होते. असा वळसा हवा असल्यास तो तुकडा दोन्ही बाजूंनी विलग करून त्याचे ध्रुव स्वतंत्रपणे बदलण्याची सोय करावी लागते. चिंचोळ्या परसात हाच आकार सर्वांत सोयीचा असतो, म्हणून ही गोष्ट आराखडा काढतानाच लक्षात घ्यावी.

डिजिटल पद्धतीत रुळांतून कायम एकाच पातळीची वीज आणि तिच्यासोबत सांकेतिक आज्ञा जातात; प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी ओळखतो. एकाच मार्गावर दोन-तीन गाड्या स्वतंत्रपणे चालविता येतात, शिटी आणि दिवे हवे तेव्हा लावता येतात. रूळ स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही. चाक आणि रूळ यांचा स्पर्श क्षणभर तुटला तरी इंजिनापर्यंत आज्ञा पोहोचत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे रुळांतून वीज अजिबात न नेता बॅटरी इंजिनातच ठेवणे आणि हातातील रेडिओ नियंत्रकाने गाडी चालविणे. लिथियम-आयनचे चार सेल एकापुढे एक जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात. संच २.६ अँपिअर-तासांचा असेल आणि गाडी सरासरी एक अँपिअर ओढत असेल, तर कागदावर अडीच तासांहून थोडा अधिक वेळ येतो. चढ आणि वळणे धरून दोन तास मानावेत. लहान इंजिनात जागा नसल्यास बॅटरी पाठच्या वाघिणीत ठेवून तार पुढे नेतात. मग जोड गंजले, पाने पडली, वळसा स्वतःला मिळाला, तरी गाडी थांबत नाही.

या पद्धतीचेही दोष आहेत. सेल दर काही वर्षांनी बदलावे लागतात. संरक्षक सर्किटविना लिथियमचा संच वापरू नये, चार्जिंग माणसाच्या नजरेखाली करावे आणि उन्हात तापलेल्या इंजिनात संच तसाच ठेवू नये. तरीही वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात, नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी बॅटरीचाच पर्याय अधिक शहाणपणाचा आहे. त्यामुळे रुळांवरचा खर्चही उतरतो : वीज वाहायची नसल्याने महाग पितळाऐवजी ॲल्युमिनियमचे रूळ चालतात. ते मऊ असतात, चुकून पाय पडला तर वाकतात, एवढे ध्यानात ठेवावे. समुद्राच्या अगदी जवळ स्टेनलेस स्टील टिकाऊ, पण महाग.

ब्युटेन वायूच्या बर्नरवर खऱ्या वाफेने चालणारी इंजिनेही मिळतात. त्यांना विजेची गरज नसते. मात्र मार्ग जवळजवळ सपाट हवा आणि एप्रिल-मेमध्ये वाळक्या पाचोळ्याजवळ ती चालविणे धोक्याचे.

कोणतीही पद्धत असो, २३० व्होल्टची तार बागेत नेऊ नये. ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर घरात, कोरड्या जागी ठेवावेत. ज्या सॉकेटवर ते लावायचे त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. बाहेर जाईल ती केवळ २४ व्होल्टपर्यंतची वीज. पडवीतल्या सॉकेटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून ओल्या मातीवर ठेवण्याची सवय या छंदात जीवघेणी ठरू शकते.

जमीन, पाणी आणि चढ

रूळ मातीवर थेट ठेवले तर पहिल्याच पावसात ते खचतात. सर्वसाधारण रीत अशी : पाण्याचा रबरी पाइप जमिनीवर टाकून वळणे आखावीत, त्या रेषेवर वीतभर रुंद आणि १० ते १५ सेंटिमीटर खोल चर खणावा, तळाशी जाड खडी आणि वर दगडाच्या भुकटीसह बारीक खडी घालून ती चोपून घ्यावी. गोल गोटे वापरू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत आणि रूळ सरकतात. नदीच्या वाळूचेही तेच.

गोव्यात याहून चांगला पर्याय हाताशी आहे, तो म्हणजे चिरे. जांभ्या चिऱ्यांचे दोन थर रचून त्यांवर मार्ग नेला, की पाणी खालून निघून जाते, पाचोळा कमी अडकतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही खुर्चीवर बसल्या जागी गाडीला हात लावता येतो. चिऱ्यांच्या भिंतीत दर मीटरभर अंतरावर पाण्याला वाट ठेवावी, नाहीतर ती भिंत बांध होऊन अर्धे अंगण तुंबते. आधाराला लाकडी फळ्या घालण्याचा मोह टाळावा. वाळवीला त्यांचा पत्ता लवकर लागतो. माडाच्या थेट खालून मार्ग नेऊ नये, याचे कारण वेगळे सांगणे नको.

रूळ पक्के ठोकून बसवू नयेत. पितळ उष्णतेने प्रसरण पावते : दहा मीटरचा सलग रूळ तापमानात ३० अंशांची वाढ झाली असता सुमारे ५.७ मिलिमीटर लांबतो. पहाट आणि भर दुपार यांत उन्हातल्या धातूला एवढा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियम त्याहूनही अधिक वाढते. रूळ खडीत नुसते बसवून, मोजक्या जागी सैल स्क्रू लावले, तर ते स्वतःची जागा करून घेतात; जखडले, तर वळणावर बाहेर फुगतात.

चढाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. बागेत ५० ला १, म्हणजे अर्ध्या मीटरला एक सेंटिमीटर, एवढा चढ आरामाचा. एका मार्गावरून दुसरा नेऊन इंग्रजी आठचा आकार करायचा असेल, तर खालची गाडी आणि पुलाची जाडी धरून सुमारे २० सेंटिमीटर उंची गाठावी लागते. त्यासाठी दहा मीटर चढ आणि तितकाच उतार हवा. लहान अंगणात हे बसत नाही. कॅसलरॉक आणि कुळे यांमधील घाटात चढ ३७ ला १ इतका तीव्र असून तेथे खऱ्या गाडीलाही मागून इंजिने लावावी लागतात. बागेत हाच चढ हुबेहूब ठेवणाऱ्याने एका इंजिनामागे तीन-चार डब्यांवर समाधान मानावे, किंवा मागे दुसरे इंजिन जोडावे.

पावसाळ्याचे चार महिने गाड्या, सांधे बदलणाऱ्या मोटरी आणि बॅटरी घरात ठेवाव्यात. रूळ बाहेर राहिले तरी चालतात. त्यांवर वाढणारे शेवाळ ब्रशने निघते. चतुर्थीनंतर पाऊस ओसरू लागला, की इंजिन लगेच बाहेर काढू नये. आधी एक रिकामी वाघीण हाताने ढकलत साऱ्या मार्गावरून फिरवावी. ती जेथे अडखळते किंवा एका अंगाला कलते, तेथे खालची खडी वाहून गेलेली असते. त्या जागी रूळ किंचित उचलून भुकटी भरावी, पाणसळ ठेवून दोन्ही रूळ समपातळीत आणावेत आणि वाघीण पुन्हा एकदा फिरवून पाहावी.