ऑफिसच्या टीम्सवर जुनंच आडनाव का दिसतं? समजून घ्या हायब्रिड डिरेक्टरी

लग्नानंतर आडनाव बदललं. पॅन, बँक, सगळीकडे नवं नाव लागलं. पण ऑफिसच्या टीम्सवर आणि आउटलुकमध्ये अजून जुनंच आडनाव दिसतंय. आयटी विभागाला विचारलं तर उत्तर मिळतं, "इथून बदलता येत नाही, सर्व्हरवर बदलावं लागेल."

ही टोलवाटोलवी वाटू शकते. पण अनेकदा हे उत्तर खरं असतं. का, ते पाहूया.

एकाच कर्मचाऱ्याच्या दोन नोंदी

कंपनीत कोण काम करतं, कोणाला कशात प्रवेश आहे, याची जी डिजिटल नोंदवही असते तिला डिरेक्टरी म्हणतात. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 सोबत आली आणि जगभरातल्या कंपन्यांनी ती आपापल्या सर्व्हरवर बसवली. पुढे ईमेल, फाइल्स, मीटिंग असं सगळं क्लाउडवर गेलं. तिथली नोंदवही म्हणजे एन्ट्रा आयडी. 2023 पर्यंत तिचं नाव अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं.

अनेक कंपन्या जुनी नोंदवही न सोडता नवीही वापरतात. या दुहेरी व्यवस्थेलाच 'हायब्रिड' म्हणतात.

ॲट्रिब्युट म्हणजे काय?

तुमच्या नोंदीतला प्रत्येक रकाना म्हणजे एक ॲट्रिब्युट. नाव, आडनाव, पद, फोन नंबर, मॅनेजर, ईमेल, लॉगिनचं नाव, हे सगळे वेगवेगळे रकाने आहेत. म्हणून आडनाव बदललं की ईमेल आपोआप बदलतोच असं नाही.

मग नाव बदलत का नाही?

दोन्ही नोंदवह्या जुळवायचं काम 'एन्ट्रा कनेक्ट' नावाचं सॉफ्टवेअर करतं. नाव, पद, फोन अशी माहिती ऑफिसच्या सर्व्हरवरून क्लाउडकडे जाते, उलट येत नाही. क्लाउडवर फक्त तिची प्रत असते, त्यामुळे हे रकाने तिथे कुलूपबंद असतात. मूळ नोंदीत बदल केला की तो पुढे जातो. ही फेरी साधारणपणे दर 30 मिनिटांनी होते. टीम्ससारख्या ॲपमध्ये नवं नाव उमटायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

काही कंपन्यांत तर सर्व्हरवरची माहितीही एचआरच्या सॉफ्टवेअरमधून येते. तिथे आयटीनं हातानं केलेला बदल पुढच्या फेरीत पुसला जाऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न 'कोण बदलेल?' हा नसून 'या रकान्याची मूळ नोंद कुठे आहे?' हा आहे.

ठरावीक खात्यांची मालकी क्लाउडकडे सोपवण्याची सोयही मायक्रोसॉफ्टनं अलीकडे सुरू केली आहे. पण तुमच्या कंपनीनं ती वापरली नसेल तर वरचाच नियम लागू होतो.

नाव बदलताना काय जपायचं?

ईमेल बदलला तरी जुना पत्ता दुय्यम म्हणून ठेवता येतो. डिरेक्टरीत पत्त्याआधी 'एसएमटीपी' ही अक्षरं कॅपिटलमध्ये असतील तर तो मुख्य पत्ता आणि स्मॉलमध्ये असतील तर दुय्यम. जुना पत्ता काढून टाकला तर ग्राहकांनी त्यावर पाठवलेले मेल तुमच्यापर्यंत पोहोचणार नाहीत.

लॉगिनचं नाव बदललं तर वनड्राइव्हचा पत्ताही बदलतो. आधी शेअर केलेल्या लिंक बंद पडू शकतात. त्यामुळे हा बदल महत्त्वाच्या कामाच्या मध्यात करू नका.

खरा धोका नोकरी सोडणाऱ्यांच्या खात्यात

जुनं नाव दिसलं तर फार तर चिडचिड होते. पण काही रकाने क्लाउडपर्यंत पोहोचतच नाहीत आणि त्यातला एक सुरक्षेशी थेट जोडलेला आहे.

समजा, कंत्राटी कर्मचाऱ्याचं खातं 31 मार्चला संपेल अशी तारीख आयटीनं सर्व्हरवर घातली. त्या दिवसानंतर त्याला ऑफिसच्या नेटवर्कवर लॉगिन करता येत नाही. पण ही मुदतीची तारीख क्लाउडकडे जात नाही. पासवर्डची पडताळणी क्लाउडवरच होत असेल, तर त्याचं ईमेल आणि फाइल्स 1 एप्रिललाही उघडू शकतात!

उपाय सोपा आहे. मुदत संपल्यावर खातं सर्व्हरवर 'डिसेबल' करायचं, कारण ही खूण पुढे जाते. तीही पुढच्या फेरीची वाट पाहते, म्हणून प्रकरण तातडीचं असेल तर क्लाउडवरचं खातंही लगेच बंद करून चालू असलेली लॉगिन रद्द करावी लागतात. मायक्रोसॉफ्टही मुदत संपलेली खाती ठरावीक वेळी शोधून डिसेबल करणारी स्क्रिप्ट लावायचा सल्ला देतं.

तुम्ही काय विचाराल?

नाव बदलायचं असेल तर एचआर आणि आयटीला तीन गोष्टी विचारा. मूळ नोंद कुठे आहे? जुना ईमेल चालू राहील का? लॉगिनचं नावही बदलणार आहे का?

आणि टीममधलं कोणी नोकरी सोडत असेल, तर चौथा प्रश्न मॅनेजरनं विचारायला हवा. खात्याला नुसती तारीख घातली आहे, की ते खरंच बंद केलं आहे?