जीवशास्त्रातील करिअर : डॉक्टरकीपलीकडच्या वाटा

बारावीला जीवशास्त्र घेतले म्हणजे डॉक्टरच व्हायचे, असा समज रूढ आहे. त्यामुळे नीटमध्ये गुण कमी पडले की वाट संपली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कामाचे चार मुख्य प्रकार आहेत.

प्रयोगशाळा : लस, औषध व अन्नपदार्थांच्या कंपन्यांत उत्पादन आणि गुणवत्ता तपासणी. सूक्ष्मजीवशास्त्रातील बी.एस्सी. नंतर सुरुवात करता येते.

रानातले काम : वनस्पती व प्राण्यांची पाहणी, नोंदी, नमुने गोळा करणे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण यांची प्रादेशिक केंद्रे पुण्यात आहेत.

संगणक : जैवमाहितीशास्त्रात जनुकांच्या माहितीचे विश्लेषण होते. त्यासाठी संख्याशास्त्र व प्रोग्रॅमिंग यावे लागते.

संशोधन व अध्यापन : एम.एस्सी., नेट, पीएच.डी. असा लांबचा रस्ता. मात्र नेटमधून जेआरएफ मिळाल्यास पीएच.डी. करताना दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. २०२३ पासून ती ३७,००० रुपये आहे.

नुसत्या बी.एस्सी.वर बढतीला लवकर मर्यादा येते. म्हणून पुढे आणखी किती वर्षे शिकता येईल, हे प्रवेश घेण्याआधीच घरी बोलून ठरवावे.