भांगेची नशा आणि तिचा उतारा

वऱ्हाड प्रांतही १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या कक्षेत होता. अकराशेहून अधिक साक्षी घेऊन आयोगाने ठरवले की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते. वेड्यांच्या इस्पितळांतील आकडे त्याला भरवशाचे वाटले नाहीत. सरसकट बंदीऐवजी त्याने कर व परवाने सुचवले.

शिवरात्रीला, धुळवडीला भांग चढून कोणी घाबरला, बरळू लागला, तर लिंबू-चिंचेचे आंबट पाजायचे, एकटे सोडायचे नाही, ही घरगुती रीत. आंबटाने नशा उतरते याला ठोस पुरावा नाही. शांत सोबत मात्र उपयोगी पडते. शुद्ध हरपल्यास दवाखाना गाठावा.

पुढे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बंद झाला. १९८६ मध्ये पुण्यात निघालेल्या ‘मुक्तांगण’ केंद्राने व्यसनमुक्तीत सहव्यसनींच्या आधाराला स्थान दिले.