मधाला मिळालेला हिरवा ठिपका

पिंपळे सौदागरमधल्या कुठल्याही दुकानात मधाची बाटली उचलून पाहावी. लेबलवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. उद्या त्याच फळीवर नाकतोड्यांच्या पिठाची बिस्किटं आली, तर त्यांना तो मिळणार नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांनुसार प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी ठरतात. त्यातून दूध, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाखेपासून होणारं शेलॅक वगळलेलं आहे. म्हणजे दूध सोडलं तर सवलत मिळालेले हे तिन्ही पदार्थ कीटकांचेच.

पिंपरी-चिंचवड महापालिकेत येण्याआधी पवनाकाठचं हे गाव शेतीचं होतं. आज इथल्या इमारतींत देशभरातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी सकाळच्या कोमट पाण्यात मध पडतो आणि किडा खाण्याच्या नुसत्या कल्पनेने अंगावर शहारे येतात. या दोन भावना एकाच घरात सुखाने नांदू लागल्या, त्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

मधाचा मान जुना. पंचामृतात तो आहे, सुश्रुतसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. तरी तो सर्वांना चालत नव्हता. जैन आचारात मद्य आणि मांसाबरोबर मधही वर्ज्य आहे, आणि मध काढण्याची जुनी रीत पाहिली की त्यामागचं कारण कळतं. धुराने माश्या उठवायच्या, पोळं कापायचं आणि पिळायचं. पोळ्याच्या वरच्या भागात मध असतो, खाली अंडी, अळ्या आणि कोष. पिळताना सगळंच चेंगरायचं. असा मध गढूळ निघे आणि लवकर आंबे.

पेटी आणि यंत्र आल्यावर हे बदललं. १८५२ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी पोळं न मोडता मध काढणारं यंत्र दाखवलं. दक्षिण भारतात १९११ ते १९१७ या काळात पाद्री न्यूटन यांनी इथल्या सातेरी माशीला साजेशी लहान पेटी गावकऱ्यांच्या हाती दिली.

यंत्राचं काम साधं आहे. मधाने भरलेल्या चौकटीवरचं मेणाचं झाकण सुरीने सोलायचं, चौकटी पिंपातल्या जाळीत उभ्या करायच्या आणि दांडा फिरवायचा. मध पिंपाच्या भिंतीवर उडतो आणि ओघळून तळाशी जमतो. रिकामं पोळं पुन्हा पेटीत जातं. अळ्या खालच्या कोठीत सुखरूप राहतात.

गांधीवादी कार्यकर्त्यांना हे पटणारं होतं. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत मधमाशीपालन हाती घेतलं. पुढे महाबळेश्वरच्या जंगलपट्ट्यात पेट्या पोचल्या, सहकारी संस्था उभी राहिली, १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. ग्राहकाच्या नजरेतून कीटक पार पुसला गेला. डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने मधातल्या भेसळीचा अहवाल काढला, तेव्हा लोक चिडले ते साखरेच्या पाकावरून.

लाल मुंगीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. गडचिरोलीतल्या भामरागड भागात माडिया लोक झाडावरची, पानं शिवून केलेली मुंग्यांची घरटी उतरवतात. मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटतात. फॉर्मिक आम्लामुळे चटणीला झणझणीत आंबटपणा येतो. चव अस्सल आहे, पण मुंगी डोळ्यांना दिसते, आणि शहरी माणूस तिथेच थबकतो.

जगात मात्र वारं फिरतंय. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म अळीला अन्न म्हणून परवानगी दिली. भारतातही ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याच्या ‘सिमिलिपाल काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही चटणीही लाल मुंग्यांचीच.

भामरागडच्या चटणीचीही अशी नीट नोंद व्हायला हवी: घरटी कोणत्या झाडांवरची उतरवतात, किती मागे ठेवतात, कोणत्या दिवसांत चव चांगली लागते. हे ज्ञान माडिया घरांत आहे. ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावावर नोंदलं गेलं पाहिजे.