वर्ग कोणाचा?

शाळेच्या सुधारणेचा विषय निघाला म्हणजे आपले बोलणे बहुधा इमारत, पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि वेतन या चार गोष्टींपाशी येऊन थांबते. या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. तथापि एकाच गावात, एकाच इमारतीत, तेच पुस्तक हाती असताना एका वर्गातील मुलांचे डोळे शिक्षकांकडे लागलेले असतात आणि शेजारच्या वर्गातील मुलांचे डोळे खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे. हा फरक भिंतींमुळे पडत नाही आणि पुस्तकामुळेही पडत नाही. मग तो कशामुळे पडतो? श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण थोडे मागे वळून, आपल्याच मुलखातील शाळांचा इतिहास पाहू.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले. गोव्याच्या इतिहासात त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती आणि सरकारी शाळेतील ‘प्रिमैर ग्राव’ ही परीक्षा त्याच भाषेतून द्यावी लागे. पण पोथी, पत्रव्यवहार आणि दुकानाचा हिशेब यांसाठी इथल्या हिंदू समाजाला मराठी हवी होती. ती शिकण्याची सोय गावाने आपली आपणच केली. पाळी, मये, साखळीपासून पार्से, मांद्रे, धारगळपर्यंतच्या या टापूत कोठे देवळाच्या अग्रशाळेत, तर कोठे एखाद्या घरंदाज गृहस्थाच्या ओसरीवर अशा शाळा भरत. शिकविणारे पंतोजी, गोव्यात त्यांना शेणैमाम असेही म्हणत. त्यांचा चरितार्थ गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर, नारळांवर आणि अल्पशा दक्षिणेवर चाले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाल्यानंतर हिंदूंना नागरी समानता लाभली आणि अशा खाजगी मराठी शाळांना पुष्कळ बळ आले.

पंतोजींची शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम छडी उभी राहते. ते यथार्थच आहे. अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे, शाळा चुकविणाऱ्या मुलाला चौघांनी हातपाय धरून आणणे म्हणजेच उचलबांगडी करणे, या साऱ्या प्रकारांनी त्या शाळेच्या आठवणी भरलेल्या आहेत. परंतु त्या शाळेत आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पाच वर्षांच्या बालकापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत सारे एकाच ओसरीवर बसत आणि शिकविणारा मनुष्य एकच असे. तेव्हा धूळपाटीवर नवख्या मुलाचा हात धरून मुळाक्षरे गिरवून घेणारा बहुधा वडील विद्यार्थीच असे. संध्याकाळी पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकीची उजळणी एक मुलगा पुढे उभा राहून सांगे व बाकीचे ती म्हणत. वर्गाचे निम्मे काम वर्गच करीत असे.

या पद्धतीचे मोल परक्या माणसाने आपल्याआधी ओळखले. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत त्याने आपल्या शाळेत आणली. शिक्षकांनी नाखुशी दाखविताच त्याने ते काम एका आठ वर्षांच्या मुलावर सोपविले आणि ते उत्तम पार पडले. मुलांनी मुलांना शिकविण्याच्या या पद्धतीवर त्याने १७९७ साली लंडनला पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे जोसेफ लँकेस्टर याने तशाच पद्धतीचा इंग्लंडभर प्रसार केला आणि १८१५ नंतर मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत हीच रीत ‘इंग्रजी सुधारणा’ म्हणून परत आली! आपल्या ओसरीवरची वस्तू विलायतेचा शिक्का घेऊन घरी यावी, असाच हा प्रकार होय.

पण या प्रवासात तिचा जीव हरवला. शेकडो मुलांना स्वस्तात शिकविणे हाच हेतू झाल्यावर वडील विद्यार्थी हा धाकट्याचा सोबती न राहता त्याच्यावरचा मुकादम बनला. त्याच्या हाती हजेरी, पाठांतर आणि तक्रार एवढेच उरले. पाठ यांत्रिक झाले आणि ही पद्धत इंग्लंडात जशी मागे पडली तशी इकडेही मागे पडली. तिच्या जागी इयत्तावार वर्ग, तपासनीस आणि वार्षिक परीक्षा आल्या. आता बोलावयाचे ते शिक्षकांनी आणि ऐकावयाचे ते मुलांनी, अशी वाटणी झाली. गोव्यातील पोर्तुगीज शाळांतही तळहातावर मारावयाची लाकडी ‘पाल्मातोर’ मास्तरांच्या मेजावर असेच. सारांश, जुन्या शाळेतील दोन गोष्टींपैकी टाकावयाची ती छडी आपण पुष्कळ दिवस जपली आणि जपावयाचा तो मुलांचा सहभाग मात्र टाकून दिला.

सहभागाची ही शक्ती किती मोठी असते याचे एक उदाहरण जन्माने पेडणे तालुक्याच्या असलेल्या एका थोर पुरुषाच्या परिवारातले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड बालपणीच मुंबईस गेले आणि तेथे नामांकित वैद्य व संशोधक झाले. ज्या विद्यार्थी मंडळात त्यांनी हिरिरीने काम केले, ते १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेत स्थापन झाले होते. या मंडळाने १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. वेतन देऊन शिक्षक नेमण्याइतका पैसा मंडळापाशी नव्हता. तेव्हा मंडळातील तरुण सकाळी आपापल्या कामावर जाण्यापूर्वी स्वतः जाऊन त्या मुलींना विनामूल्य शिकवू लागले. लोकमत प्रतिकूल असतानाही त्या शाळा टिकल्या, याचे कारण त्या तरुणांना हे काम आपले वाटत होते.

विसाव्या शतकात हाच धागा साने गुरुजींनी उचलला. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अव्यवस्थित खोलीबद्दल त्यांनी मुलांना दंड केला नाही; ते स्वतः केर काढीत, अंथरुणे नीट ठेवीत, कपडे धूत. दुसऱ्या दिवशी मुलांचे हात आपोआप केरसुणीकडे वळत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’. कोणी चांगले काम केले, कोणते पुस्तक वाचण्याजोगे आहे, देशात काय घडत आहे, हे ते रोज लिहीत आणि मुले ते आवडीने वाचीत. आपल्या नित्याच्या जीवनाची कोणी नोंद घेत आहे, एवढ्या जाणिवेनेच मुलाचे मन शाळेत रमू लागते. १९३० साली स्वातंत्र्यसंग्रामात उडी घेण्यासाठी गुरुजींनी ती शाळा सोडली. शिक्षक म्हणून अवघी सहा वर्षे! तरीही महाराष्ट्राने त्यांना कायमचे ‘गुरुजी’ केले.

ताराबाई मोडक यांनी तर शाळेलाच मुलांच्या दारी नेले. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ आरंभापासून त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. ती का येत नाहीत हे पाहिले. काहींना घरचे अंगण सोडवत नव्हते, म्हणून पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरू लागला आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला मिळाला. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी केली. महागड्या साधनांऐवजी खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया वर्गात आल्या.

आता पुन्हा गोव्याकडे वळू. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला त्या सुमारास येथे दर तीन माणसांत जेमतेम एकजण साक्षर होता. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा निघू लागल्या. त्यांतील कित्येक शाळा आरंभी देवळांत आणि खाजगी घरांतच भरत. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातून, अनेक शिक्षक येथे आले आणि गावचेच झाले. नवरात्रात शाळेत होणारे सरस्वतीपूजन हा साऱ्या गावाचा उत्सव ठरला. मखर मुलांनी सजवावे, आरतीला घुमट मुलांनी वाजवावे, रात्रीचे नाटक मुलांनीच करावे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्क्यांवर पोहोचली, तिच्या मुळाशी या लहान शाळा आहेत.

आज या शाळांपुढील प्रश्न निराळे आहेत. पट घटल्यामुळे कित्येक सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत मिळविल्या गेल्या. उरलेल्यांपैकी अनेक ठिकाणी एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. म्हणजे पंतोजींची ओसरी निराळ्या रूपाने परत आली आहे. पाळीसारख्या खाणींच्या पट्ट्यातील गावांनी खनिजाच्या भरभराटीचे दिवस पाहिले आणि २०१२ साली खाणी बंद पडल्यावर घराघरांतील ओढगस्तही पाहिली. कामाच्या शोधात परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले आता येथील मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. छडी गेली हे उत्तमच झाले. मात्र छडी ठेवून दिल्यावर रिकामा झालेला हात कशाकडे वळवावयाचा, हा शिक्षकांपुढील खरा प्रश्न आहे. वर पाहिलेल्या इतिहासातून त्याची काही साधी उत्तरे निघतात.

पहिले उत्तर असे की, शाळा भरल्यावर पहिली दहा मिनिटे मुलांना द्यावीत. रोज दोन मुलांनी फळ्याच्या एका कोपऱ्यात आपल्या वाड्यावरची वार्ता लिहावी: कोणाच्या गाईला वासरू झाले, कोठे शेत लावून झाले, कोणाच्या घरी पाहुणे आले. चौथीच्या मुलाने लिहावे, दुसरीच्या मुलाने वाचावे. लेखन, वाचन आणि आपुलकी यांचा असा एकत्र पाठ दुसरा नाही.

दुसरे उत्तर वडील मुलांनी धाकट्यांना शिकविण्याचे. येथे लँकेस्टरच्या शाळांचा अनुभव विसरू नये. एकाच हुशार मुलाला वर्षभर मॉनिटर केल्यास तो मुकादम होतो. काम आठवड्याला बदलावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला यावे. जो गणितात कच्चा आहे तो चित्रकलेत किंवा घुमटवादनात गुरू असू शकेल. त्याला तेथे गुरू करावे. तक्रार सांगण्याचा अधिकार मात्र कोणत्याही मुलाला देऊ नये. मदत करण्याचा अधिकार सर्वांना द्यावा.

तिसरे उत्तर भाषेविषयीचे. येथील मूल घरी कोंकणी बोलते आणि शाळेत मराठी वाचते. ते ‘उदक’ म्हणाले तर ‘उदक नव्हे, पाणी म्हण’ असे फटकारण्यात अर्थ नाही. उदक हा शब्द आपल्या संतांच्या ग्रंथांत ठायी ठायी आहे. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल वर्गात असेल, तर त्याला विचारून तिसरा शब्दही लिहावा. ज्या वर्गात आपल्या घरच्या शब्दाला जागा मिळते, त्या वर्गात बोलावयास मूल भीत नाही; आणि जे बोलत नाही, त्याला काय कळले नाही हे शिक्षकांना कधीच कळत नाही.

चौथे उत्तर ताराबाईंनी घालून दिले आहे. मूल गैरहजर राहिले, आळसावले किंवा दांडगाई करू लागले, तर शिक्षेआधी कारण विचारावे. ते वर्गासमक्ष विचारू नये, एकट्याला जवळ घेऊन विचारावे. पुष्कळदा कारण वर्गात नसून घरात सापडते. बापाचा रोजगार बुडालेला असतो, आई पहाटेच कामावर गेलेली असते, मूल उपाशी आलेले असते. वर्गाचे नियमही वर्षारंभी मुलांबरोबर बसून ठरवावेत. चारपाच नियम पुरेत. स्वतः केलेला नियम मूल मोडते तेव्हा त्याला स्वतःलाच चुटपुट लागते.

या उपायांना पैसा लागत नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही. लागतो तो थोडा धीर, कारण पहिल्या महिन्यात गोंगाट वाढेल आणि ‘वर्ग हाताबाहेर गेला’ असे कोणी म्हणेलही. अशा वेळी शिक्षकांनी एवढेच पाहावे की, हा गोंगाट कामाचा आहे की कंटाळ्याचा. कामाचा असेल तर तो काही दिवसांत आपली लय स्वतःच शोधतो. आणि गावकऱ्यांनी, पालकांनी पटाचे आकडे पाहून शाळेची किंमत ठरविण्याआधी एकदा दुपारी शाळेच्या दाराशी उभे राहून आत कोण बोलत आहे ते ऐकावे. एकट्या मास्तरांचाच आवाज येत असेल, तर त्या शाळेला गावाची मदत हवी आहे असे समजावे. मुलांचे आवाज येत असतील, तर पटावर बाराच नावे असली तरी ती शाळा जिवंत आहे आणि तिला जपणे हे त्या गावाचे कर्तव्य आहे.